विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘कडक’ पडावा म्हणून गिअरबॉक्स का खोलतात? जोराचा झटका म्हणजे मजबुती का?

दुसरा गिअर पडतो, मागची चाके क्षणभर ‘चीं’ करतात, चालकाचे डोके सीटला टेकते आणि व्हिडीओ संपतो. अमेरिकेतल्या जुन्या कॅमॅरो, मस्टँग, कॉर्व्हेट गाड्यांच्या अशा रील्स आता मराठी वाचकांच्या मोबाइलवरही रोज फिरतात. यातल्या अनेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. गिअर चालक बदलत नाही, गाडीच बदलते. तो इतक्या जोरात पडावा म्हणून मालकाने गिअरबॉक्समध्ये मुद्दाम फेरफार केलेला असतो. या फेरफारासाठी लागणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला ‘शिफ्ट किट’ म्हणतात.

या किटबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. किट टाकले की गिअरबॉक्स मजबूत होतो, हे एक. किट टाकले की गिअरबॉक्सची वाट लागते, हे दुसरे. दोन्ही अर्धवट आहेत. क्लच कमी वेळ घासला जातो, हा किटचा खरा फायदा. झटका हा फायदा नाही, ती त्या फायद्यासाठी मोजलेली किंमत आहे. हे उलटे समजले की शंभर-दीडशे डॉलरच्या किटचे बिल काही हजार डॉलरच्या दुरुस्तीवर जाते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो कसा?

या चर्चेत हमखास येणारे नाव म्हणजे जनरल मोटर्सचा ४एल६०-ई. १९८२ मध्ये ७००आर४ या नावाने आलेल्या गिअरबॉक्सची ही १९९३ पासूनची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. ४ म्हणजे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, ६० ही ताकदीची श्रेणी आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. कॅमॅरो आणि कॉर्व्हेटपासून पिकअप ट्रकपर्यंत असंख्य गाड्यांत तो बसवला गेला.

यात पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑइलने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. आत गिअरचे दात एकमेकांत कायम अडकलेले असतात. कोणता क्लच संच दाबला आणि कोणता ड्रम पट्ट्याने आवळून थांबवला, यावर कोणता गिअर पडणार हे ठरते. दाबण्याचे आणि आवळण्याचे काम ऑइलचा दाब करतो. पंप दाब तयार करतो आणि ‘व्हॉल्व्ह बॉडी’ नावाचा चक्रव्यूहासारखा भाग ते ऑइल योग्य वेळी योग्य वाटेने पाठवतो.

पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना पट्टा ड्रम आवळतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पट्टा सुटतो आणि त्याच क्षणी ‘३-४ क्लच’ पकड घेतो. पट्टा लवकर सुटला तर इंजिन मोकळे होऊन ओरडते. उशिरा सुटला तर दोन गिअर एकमेकांशी भांडतात. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही दशांशांत आटपायचा असतो.

कंपनी गिअर ‘मऊ’ का ठेवते?

ऑटोमॅटिक गाडी विकत घेणाऱ्याला मुळात आराम हवा असतो. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक आणला, तेव्हा क्लचच्या कटकटीतून सुटका हेच त्याचे आकर्षण होते. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोने तर नेहमीच्या चालण्यात गिअर बदलणेच काढून टाकले. सगळे काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोपवले. प्रवास लोण्यासारखा होता, पण गाडी उचलायला सुस्त. ऑटोमॅटिक म्हणजे मंद, ही समजूत याच काळातल्या गाड्यांनी पक्की केली.

पुढे गिअरबॉक्स सुधारले, पण मऊपणाचा आग्रह राहिला. कारण शोरूमबाहेर चाचणी घेताना ग्राहकाला धक्का जाणवला तर तो गाडीत दोष आहे असे समजतो. म्हणून ४एल६०-ईमध्ये ‘अक्युम्युलेटर’ असतात. हे स्प्रिंग लावलेले छोटे पिस्टन. पट्ट्याकडे किंवा क्लचकडे जाणाऱ्या ऑइलचा थोडा भाग ते आधी स्वतःकडे घेतात. त्यामुळे दाब हळूहळू चढतो आणि पकड अलगद बसते. गाडीचा संगणकही हातभार लावतो. गिअर बदलताना तो इंजिनाची ताकद क्षणभर कमी करतो.

अलगद बसण्याला मात्र किंमत आहे. पकड पूर्ण होईपर्यंत क्लच घासत राहतो. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की येणारा जळका वास अनेकांच्या ओळखीचा असेल. ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक गिअर बदलताना तेच घडते. फक्त प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि वास बाहेर येत नाही.

शिफ्ट किट नेमके काय करते?

किटमध्ये कोणतीही जादू नसते. जास्त कडक स्प्रिंग, दाब वाढवणारा बदली व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या पातळ पत्र्यातली भोके मोठी करण्यासाठी ड्रिलची माहिती किंवा तयार पत्रा, असे त्याचे स्वरूप असते. मोठ्या भोकातून ऑइल लवकर जाते. कडक स्प्रिंगमुळे अक्युम्युलेटर कमी ऑइल गिळतो. पंपाचा मूळ दाब वाढला की प्लेट घट्ट दाबल्या जातात.

४एल६०-ईच्या मालकांत ‘कॉर्व्हेट सर्व्हो’ हा बदलही प्रसिद्ध आहे. पट्टा आवळणाऱ्या पिस्टनऐवजी कॉर्व्हेटमध्ये वापरला जाणारा जास्त क्षेत्रफळाचा पिस्टन बसवायचा. तोच दाब मोठ्या क्षेत्रफळावर पडला की बल वाढते, हे शाळेतले भौतिकशास्त्र. गिअरबॉक्स गाडीखालून न उतरवता हा बदल करता येतो, म्हणूनही तो लोकप्रिय आहे.

मग फायदा खरा आहे का?

आहे, आणि तो ढोबळ गणिताने दाखवता येतो. ४एल६०-ईमध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.६३ आणि तिसऱ्याचे १.०० आहे. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना तिसरा गिअर पडला, तर ते सुमारे ३,६८० वर यायला हवे. म्हणजे जवळपास २,३०० आरपीएमचा फरक क्लचने घासून मिटवायचा. सरासरी फरक १,२०० धरला आणि इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर धरला, तर घासण्याची शक्ती सुमारे ५० किलोवॉट भरते.

हे घासणे ०.६ सेकंद चालले तर ३० किलोज्यूल उष्णता तयार होते. ०.३ सेकंदात आटपले तर १५. इंजिनाच्या फिरत्या वस्तुमानाची ऊर्जा वेगळीच. ३० किलोज्यूलमध्ये एक लिटर पाणी सात अंशांनी तापते. आकडा किरकोळ वाटतो, पण ही उष्णता प्लेटवरच्या कागदासारख्या पातळ अस्तरात, अर्ध्या-पाऊण सेकंदात ओतली जाते आणि पूर्ण वेगात दर काही सेकंदांनी पुन्हा ओतली जाते. ४एल६०-ईमध्ये सर्वांत आधी जळणारा भाग म्हणून ३-४ क्लच बदनाम आहे, त्याचे एक कारण हेच.

म्हणून ताकदवान इंजिनामागे बसलेल्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्याचा वेळ कमी करणे ही चैन नाही. मूळ रचनेपेक्षा जास्त टॉर्क येणार असेल, तर ती गरज आहे.

झटका वाढला तर काय बिघडते?

वेळ निम्मा केला की उष्णता कमी होते, पण तेवढाच वेगबदल निम्म्या वेळात करायचा असल्याने धक्क्याचा टॉर्क वाढतो. तो टॉर्क कुठे तरी जाणारच. आधी तो गिअरबॉक्सच्या आतल्या कवचावर जातो. ४एल६०-ईमधील ‘सन शेल’ हा पत्र्याचा भाग तुटल्याच्या तक्रारी मेकॅनिकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. तिथून धक्का प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांवर आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. १९९८ ते २००२ च्या कॅमॅरो झेड२८ मध्ये ५.७ लिटरचे दमदार एलएस१ इंजिन होते, पण मागचा ‘टेन-बोल्ट’ अ‍ॅक्सल त्या मानाने नाजूक. गिअरबॉक्स वाचवला आणि अ‍ॅक्सल गमावला, असे अनेकांचे झाले आहे.

पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हा धोका जास्त असतो. पहिल्याचे गुणोत्तर ३.०६ आणि दुसऱ्याचे १.६३, म्हणजे ६,००० वरून इंजिनाला थेट ३,२०० वर आणायचे. रील्समध्ये ‘चीं’ ऐकू येते ती याच जागी.

कोरड्या ड्रॅग स्ट्रिपवर ती ‘चीं’ टाळ्या मिळवते. पावसात, वळणावर, रस्त्यावर तोच झटका मागच्या चाकांची पकड सोडवू शकतो. गिअर आपण बदललेला नसतो, गाडीने तिच्या हिशोबाने बदललेला असतो. म्हणजे चाक घसरण्याची वेळही चालकाच्या हातात नसते. शर्यतीसाठी बनवलेले सेटिंग रोजच्या रस्त्यावर वापरणाऱ्यांनी विचारात घ्यायची सर्वांत गंभीर बाब ही आहे, आणि किटच्या पाकिटावर ती ठळक अक्षरांत क्वचितच दिसते.

स्लिप होणारा गिअरबॉक्स किटने बरा होतो का?

नाही. पण सर्वांत जास्त पैसे याच आशेवर वाया जातात. गिअर उशिरा पडतो, इंजिन ओरडते, गाडी ओढत नाही, म्हणून मालक दाब वाढवणारे किट टाकतो. काही आठवडे बरे वाटते. प्रत्यक्षात अस्तर आधीच जळलेले असते, सील कडक झालेले असतात किंवा ऑइल भलतीकडे झिरपत असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

४एल६०-ईचेच उदाहरण बोलके आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा दाब जलद विद्युत स्पंदनांनी नियंत्रित केला जाऊ लागला. त्यामुळे संबंधित व्हॉल्व्ह सतत हलत राहतो आणि अ‍ॅल्युमिनियममधले त्याचे भोक झिजते. ऑइल गळते, लॉक-अप घसरतो आणि संगणक ‘पी१८७०’ हा कोड नोंदवतो. त्यानंतर क्लच वाचवण्यासाठी तो दाब कमाल पातळीवर नेतो. परिणामी गिअर जोरात पडू लागतात.

म्हणजे गाडी आजारी आहे म्हणून झटके देते. आणि रील्सवर तशाच झटक्याला दाद मिळते. जोराचा झटका हे मजबुतीचे प्रमाणपत्र नाही, हे सांगायला याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

कामाचा योग्य क्रम कोणता?

पहिली पायरी तपासणीची. ऑइल लालसर आहे की काळपट, त्याला जळका वास आहे का, हे पाहायचे. तळाचा पॅन उघडल्यावर चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे सामान्य आहे. धातूचे कपचे किंवा अस्तराचा काळा गाळ दिसला तर किटचा विचार सोडून गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

दुसरी पायरी कूलरची. ऑटोमॅटिक ऑइल सुमारे ८० अंश सेल्सियसच्या वर गेले की दर ११ अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते, असा गॅरेजमध्ये चालत आलेला ठोकताळा आहे. तो नियम नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. मूळ कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीतच असतो. त्याच्या जोडीला बाहेरचा प्लेट कूलर आणि तापमान दाखवणारा मीटर लावला, तर कोणतेही स्प्रिंग न बदलता आयुष्य वाढते. यात ‘चीं’ नाही, म्हणून त्याच्या रील्स होत नाहीत.

तिसरी पायरी दाब मोजण्याची. गिअरबॉक्सच्या कवचावर त्यासाठी जागा दिलेली असते. तिथे गेज लावून आयडलवर आणि पूर्ण थ्रॉटलवर दाब किती येतो, हे किट टाकण्याआधी आणि नंतर लिहून ठेवायचे. आकडे न लिहिता केलेले काम म्हणजे अंदाजाने मीठ टाकणे.

किट चौथ्या पायरीवर येते, आणि तेही सौम्य. भोके मोठी करता येतात, लहान करता येत नाहीत. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हळू चालताना गिअर जवळपास जाणवू नये आणि थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर तो पटकन, एका दमात पडावा. अर्ध्या थ्रॉटललाही झटका बसत असेल, तर काम जमलेले नाही.

संगणकावरूनच बदल केले तर?

४एल६०-ईमध्ये दाबाचे गणित इंजिनाच्या संगणकात असते. एचपी ट्यूनर्ससारख्या सॉफ्टवेअरने तो दाब आणि गिअर बदलण्याचा क्षण बदलता येतो. याचा मोठा गुण म्हणजे बदल मागे घेता येतो. म्हणून किट आणि सॉफ्टवेअर यांत एकच निवडायचे असेल, तर आधी सॉफ्टवेअर शहाणपणाचे.

मर्यादा मात्र दोन आहेत. झिजलेले भोक किंवा छोटा पिस्टन सॉफ्टवेअरला बदलता येत नाही. आणि अनेक ट्यूनर गिअर बदलताना ताकद कमी करणारी सोय पूर्ण बंद करतात. गाडी त्यामुळे चपळ वाटते, पण सन शेल आणि अ‍ॅक्सल यांच्यासमोरची ढालच काढून घेतलेली असते. ती सोय कमी करणे समजण्यासारखे आहे, शून्य करणे नाही.

चाकणच्या गाड्यांना हे लागू होते का?

तत्त्व लागू होते, पद्धत नाही. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचे उदाहरण घेता येईल. तिच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. तिच्यासोबत येणारा सात गिअरचा डीएसजी कोरड्या जोड क्लचचा आहे आणि त्या रचनेची मर्यादाही २५० न्यूटन-मीटरचीच सांगितली जाते. म्हणजे कंपनीने इंजिन आधीच मर्यादेला टेकवलेले आहे.

अशा गाडीत स्प्रिंग आणि पत्र्याचे किट नसते. इथे ‘रिमॅप’ विकला जातो. नुसता गिअर जलद पडावा एवढाच बदल असेल तर एक वेळ ठीक. पण इंजिनाचाही टॉर्क वाढवला, तर तो सगळा भार कोरड्या क्लचवर येतो, आणि त्याला उष्णता वाहून नेणारे ऑइल नसते. मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत इंच इंच सरकताना हाच क्लच सर्वांत जास्त तापतो.

वॉरंटीचा प्रश्नही वेगळा आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे, केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनीला सरसकट वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते. तिथल्या व्हिडीओत ‘वॉरंटीची चिंता नको’ असे ऐकून इथल्या मालकाने तसेच गृहीत धरू नये. वॉरंटी पुस्तिकेतली फेरफारांविषयीची अट आधी वाचावी आणि विमा कंपनीला बदलाची कल्पना द्यावी.

नव्या गाड्यांनी काय दाखवून दिले?

जर्मन झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ८एचपी २००९ मध्ये बीएमडब्ल्यूत आला. २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूने एम५ या वेगवान गाडीसाठी जोड क्लच सोडून टॉर्क कन्व्हर्टरचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक निवडला. त्यात गिअर किती कडक पडावा याच्या तीन पातळ्या चालकाला बटणावर मिळतात. एकाच गाडीत ऑफिसला जाताना मऊ आणि ट्रॅकवर कडक.

शिफ्ट किटच्या मागची मागणी रास्त होती, हेच यातून सिद्ध होते. आरामासाठी क्लच जास्त घासायचा हा जुना सौदा सगळ्यांनाच मान्य नव्हता. पण त्याच वेळी कंपन्यांनी दिलेले उत्तरही पाहायला हवे. त्यांनी झटका वाढवला नाही. वेळ कमी केला, दाबावरचे नियंत्रण अचूक केले आणि धक्का इंजिनाच्या संगणकाकडून शोषून घेतला.

तीस वर्षांपूर्वीच्या कॅमॅरोला हे सगळे मिळणार नाही. पण कूलर, गेज, सौम्य किट आणि समजूतदार ट्यूनिंग यांतून त्याच्या जवळ जाता येते. असा गिअरबॉक्स रील्ससाठी फारसा उपयोगाचा नसतो. त्याची खात्री वर्षभराने पॅन उघडल्यावर पटते : ऑइल लाल असते आणि चुंबकावर फक्त राखाडी लेप.